भरमूआण्णांच्या डोळ्यातला माणूस

निपाणी,
४ डिसेंबर २०२३

प्रिय साईराज,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनने ते वाकवून फाटकातून आत सारलं होतं, पण तू या वेळी पुठ्ठा घातला होतास म्हणून फोटो वाचला. एक तरी गोष्ट ऐकलीस म्हणायची.

बेळगावात कॅम्पातल्या त्या कार्यशाळेत आपण वीसेक जण होतो, आठवतं? सगळ्यांनी हात वर करून नियम मान्य केला होता. फोटो फोनवर पाठवायचा नाही, कागदावर छापून पोस्टानं पाठवायचा, सोबत पत्र लिहायचं, आणि ज्याला मिळेल त्यानं भीडभाड न ठेवता चुका सांगायच्या. फोनच्या पडद्यावर सगळंच गोड दिसतं. वर्षभरात त्या विसांतले तू आणि मी उरलो, बाकीचे फोनवर एकमेकांना अंगठे दाखवण्यात रमले. म्हणून कॉलेजातले फिजिक्सचे पेपर बाजूला सारून मी तुझ्या फोटोपुढे बसते.

तुमच्या गावच्या भरमूआण्णांचा फोटो चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तक्रारीच आहेत. मागच्या दोरीवर निळा टॉवेल आहे, तो म्हाताऱ्याच्या कानातून उगवल्यासारखा दिसतो. फोटो काढण्याआधी माणसाकडे बघून झालं की त्याच्या मागेही बघावं, हे मी किती वेळा सांगायचं?

फोकस मात्र डोळ्यावर बरोबर बसलाय. आणि सुरकुत्यांत उजेड असा काही उतरलाय की मला कळेना, घराच्या पुढच्या सोप्यातल्या अंधारात हे तू जमवलंस कसं. मग भिंग लावून डोळा पाहिला तेव्हा उलगडा झाला. बुबुळात एक पांढरा चौकोन आहे आणि त्याच्यावर टोपी घातलेलं एवढंसं डोकं. कोणीतरी पांढरं कापड पसरून तुझ्या शेजारी उभं आहे! उजेड परतवायची ही युक्ती मीच तुला शिकवली, पण कापड धरणारा डोळ्यात दिसता कामा नये. पुढच्या वेळी त्याला बाजूला, खांबाच्या आड उभा कर. डोळ्यात चमक हवी, माणूस नको.

आणि नव्या लेन्सचं खूळ डोक्यातून काढ. आहे त्याच लेन्सनं दोन पावलं पुढं जाऊन बघ.

तुझी,
रचनाआक्का

•

उचगाव,
१७ डिसेंबर २०२३

आदरणीय आक्का,

नमस्कार. टॉवेलबद्दल शिव्या पोचल्या. फोटो काढताना तो टॉवेल मला दिसलाच नव्हता, आता डोळे मिटले तरी तोच दिसतो.

डोळ्यातला माणूस म्हणजे आमचे आप्पा. उजेड परतवायला तुम्ही सांगितलेलं थर्माकोल मी बेळगावातून आणलं होतं, ते गाडीवरून येताना वाऱ्यानं मोडलं. मी पायऱ्यांवर कपाळाला हात लावून बसलो, तर आप्पा आतून आपलं धुतलेलं धोतर घेऊन आले, दोन्ही हातांनी छातीपुढं पसरलं आणि म्हणाले, हे चालतंय काय बघ. चाललं म्हणजे काय, पळालं. आता ते अर्धे फोटोग्राफर झालेत. समोरच्याला हनुवटी वर करायला सांगतात, हसू नको म्हणतात, मला म्हणतात ढग येऊ दे थोडा. आई कुरकुरते की म्हशीला वैरण टाकायची सोडून हा माणूस धोतर धरून उभारलाय.

तुमचं ऐकून आप्पांना खांबाच्या आड उभं केलं आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या मालुबाईंचा फोटो काढला. सोबत जोडलाय. डोळ्यात नुसती चमक आहे, तपासून घ्या.

एक सांगायचं राहिलं. भरमूआण्णा गेले, तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात. वय झालं होतं, झोपेतच गेले. त्यांच्या मुलानं माझाच फोटो मोठा करून घेतला. कार्याच्या दिवशी त्याला हार घातला होता, उदबत्ती लावली होती आणि येणारा प्रत्येक जण म्हणत होता, आण्णा आता बोलतील असं वाटतंय. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ओशाळल्यासारखंही झालं. आता हाताला चैन नाही. पतसंस्थेत कौंटरवर बसून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडतोय तेच बघत असतो, आणि समोरचा विचारतो, साहेब, माझ्या तोंडाला काय लागलंय?

लेन्सचं खूळ गेलेलं नाही.

तुमचा,
साईराज

•

निपाणी,
८ जानेवारी २०२४

प्रिय साईराज,

मालुबाईंचा फोटो पाहून मी खुर्चीवरून उठले आणि खिडकीपाशी नेऊन परत पाहिला. एकही चूक सापडली नाही. याचा मला थोडा राग आलाय.

ओशाळू नकोस. तुला माहीत नाही तू त्या घराला काय दिलंस ते. आमच्या घरी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली माझ्या वडिलांचा, सत्याप्पांचा, फोटो आहे. ते इथल्या तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. मी सातवीत असताना गेले आणि मग कळलं की त्यांचा एकट्याचा फोटोच नाही. जयंतीच्या मिरवणुकीचा एक फोटो कुणाकडं तरी मिळाला. त्यात मागच्या रांगेत त्यांचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होता. आईनं तो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. चेहरा कसला, नुसते ठिपके. लांब उभं राहिलं की बाप दिसतो आणि जवळ गेलं की विरघळतो. मी फोटोग्राफी शिकले ती त्या ठिपक्यांच्या रागानं.

म्हणून आता आक्का म्हणून नाही, मास्तरीण म्हणून गृहपाठ देते. आप्पांचा फोटो काढ. गावातल्या सगळ्यांसाठी धोतर धरून उभा राहणारा माणूस तुझ्या एकाही फोटोत नाही, हे कसं चालेल? सकाळी सोप्याच्या दारात बसव आणि धोतर आईंच्या हातात दे.

रचनाआक्का

•

उचगाव,
११ फेब्रुवारी २०२४

आदरणीय आक्का,

पत्राला उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

मालुबाई संक्रांतीनंतर गेल्या. त्यानंतर मी गावातल्याच गुंडूमामांचा फोटो काढला होता, सोबत जोडलाय, तेही मागच्या आठवड्यात गेले. तिन्ही घरांत भिंतीवर माझे फोटो आणि तिन्ही फोटोंना हार. आता गावात काय सुरू झालंय ते तुम्ही ओळखलं असेल. मी कॅमेरा गळ्यात अडकवून निघालो की कट्ट्यावरची म्हातारी माणसं उठून घरात जातात. नागुबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांनी मला बघून पदर तोंडावर ओढला आणि तशाच भिंत चाचपत गेल्या. पोरं ओरडतात, साईराजदा, आमच्याकडं वळवू नको. एका सुनेनं तर हळूच विचारलं, आमच्या मामंजींचा कधी काढतोस? मी हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही.

एवढंच असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. आप्पांना बांधावर चढताना धाप लागत होती. बेळगावात दाखवलं. हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, बायपास करायचं ठरलंय, मार्चच्या मध्यावर. डॉक्टर म्हणाले, वय आणि साखर बघता जोखीम आहे, पण न करण्यात जास्त आहे. आप्पांनी मान हलवली आणि बाहेर येऊन मला मिसळ खायला चल म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी दारात खुर्ची मांडली. तुमचा गृहपाठ म्हणून नाही. मला त्यांचा फोटो हवा आहे. तुमच्याकडचे ठिपके वाचल्यापासून मला तेच दिसतंय. आप्पा खुर्चीकडं बघून गोठ्यात निघून गेले. मी परत विचारलं, तर म्हणाले, आत्ता नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईनं कॅमेरा उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली कनवटीला लावली.

आक्का, ते घाबरलेत. माझ्या कॅमेऱ्याला माझा बाप घाबरतो. जो माणूस तिन्ही वेळा माझ्यासाठी धोतर धरून उभा होता, तो. आता मला सांगा, लांबून न कळत काढायचा तर किती मिलिमीटरची लेन्स लागेल? शेजाऱ्यांच्या माळ्यावरून आमचं अंगण दिसतं. शटरचा आवाज बंद करता येतो.

साईराज

•

निपाणी,
१६ फेब्रुवारी २०२४

प्रिय साईराज,

मी लेन्स सांगणार नाही. जो नको म्हणतो त्याचा फोटो चोरून काढायचा नाही, बापाचा तर मुळीच नाही. चोरलेला फोटो तू भिंतीवर लावशील आणि रोज त्याच्याकडं बघताना तुला माळा आठवेल.

आणि हे काय चाललंय गावात? तू ऐंशीच्या पुढच्या माणसांना शोधून शोधून फोटो काढतोस. ऐंशीच्या पुढची माणसं जातात. तू बालवाडीत जाऊन पोरांचे फोटो काढ, सगळी जगतील आणि गाव तुला आयुष्य वाढवणारा म्हणून ओवाळेल. तू शिकलेला, हिशेबात पक्का, आणि जेवण टाकून बसतोस? मला तुझा राग आलाय आणि काळजीही वाटते, दोन्ही एकदमच.

खालचा मजकूर आप्पांना वाचून दाखव.

आप्पा, नमस्कार. मी निपाणीची रचना, साईराजला फोटोच्या नादाला लावणारी. कॅमेरा म्हणजे काच आणि लोखंड. तो फक्त उजेड गोळा करतो, माणसाकडून काही घेत नाही. तुमच्या धोतरानं परतलेला उजेड धरायचा, तेवढंच त्याचं काम. तेव्हा मनात काही आणू नका. ऑपरेशन नीट होईल आणि तुम्ही परत धोतर धरून उभे राहाल. पोराला एक फोटो काढू द्या, त्याच्या जिवाला घोर लागलाय.

रचनाआक्का

•

उचगाव,
५ मार्च २०२४

आदरणीय आक्का,

मजकूर वाचून दाखवला. आप्पा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बाईस्नी सांग, मी भ्यालो न्हाय. त्येंचं समदं बरोबर हाय.” आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. मला वाटलं, चला, विरघळले. दुसऱ्या दिवशी परत खुर्ची मांडली. परत तेच, आत्ता नको.

काल दवाखान्यासाठी आधार कार्ड शोधत होतो. आप्पांच्या बंडीच्या खिशात कॅम्पातल्या एका स्टुडिओचं पाकीट सापडलं. आत आप्पांचे पासपोर्ट फोटो, आणि तोच एक मोठा करून घेतलेला, वहीच्या पानाएवढा. मागं निळा पडदा. समोरून फ्लॅश मारलाय, कानामागं काळी सावली पडलीय, कपाळ तेलकट चमकतंय. टोपी काढायला लावलीय. आप्पांना मी उभ्या जन्मात टोपीशिवाय बाहेर पाहिलेलं नाही. ओळखू येत नाहीत. कुणीतरी कानडीत “इल्ली नोडरी” म्हणून दम दिल्यावर इकडं बघणारा कुठला तरी म्हातारा वाटतो.

मी विचारलं, हे कधी? तर मागल्या बुधवारी. भाजी घेऊन बाजारात जातो म्हणाले होते, ते बसनं कॅम्पात गेले होते. आईला माहीत होतं.

तर असं आहे. त्यांना कॅमेऱ्याची भीती नाही. माझ्या कॅमेऱ्याची आहे. अनोळखी माणसापुढं टोपी काढून बसतील, माझ्यापुढं नाही. माझ्या हातात काहीतरी वाईट आहे असं माझ्याच बापाला वाटतं. त्यानंतर काल मी त्यांच्याशी बोललो नाही. आजही बोललो नाही.

कॅमेरा विकतो आहे. आईकडनं किल्ली मागून घेतली की काम होईल. कृपा करून मला आता उजेडाबद्दल काही लिहू नका.

साईराज

•

निपाणी,
८ मार्च २०२४
(स्पीड पोस्टानं)

साईराज,

उजेडाबद्दल लिहीत नाही. मागच्या वेळी आप्पांना जे लिहिलं ते सगळं वाया गेलं, कारण मी त्यांना भित्रा समजले. ते भित्रे नाहीत. तूही तीच चूक करतो आहेस आणि तुझी जास्त महाग पडेल, म्हणून घाईनं लिहिते.

दवाखान्याला पासपोर्ट फोटो लागले असतील, मान्य. मग तो मोठा कशाला करून घेतला? वहीच्या पानाएवढा फोटो माणूस कशासाठी करून घेतो ते तुला माहीत आहे. तिन्ही घरांतल्या भिंतींवर तेवढेच आहेत.

त्यांनी स्वतःच्या हारासाठी फोटो काढून ठेवला आहे, आणि तो तुझा असू नये म्हणून बसनं कॅम्पात गेले. का, ते मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. मला वाटतंय ते खरं असेल तर ते त्यांच्याकडूनच ऐकायला हवंस. कॅमेरा घरी ठेवून जा आणि विचार. ऑपरेशनच्या आधी विचार. अबोला धरून बसू नकोस रे.

तुझी आक्का

•

उचगाव,
२८ एप्रिल २०२४

आक्का,

तुमचं पत्र आम्ही दवाखान्यात निघत होतो त्या सकाळी आलं. मी ते रिक्षात वाचलं.

दुपारी आप्पांना खाटेवर एकटंच बघून विचारलं. तो मोठा फोटो कशाला, आणि माझ्याकडून का नाही. त्यांनी अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाले, “मला काय झालं आनि तुज्या फोटोला हार घातला, तर गाव काय म्हनंल? पोरानं बापाला बी सोडला न्हाय. मग तू परत कॅमेरा हातात धरशील व्हय रं?”

त्यांचा हात धरून बसलो. ते म्हणाले, बरा होऊन आलो की काढ, पायजे तेवढे काढ, चौकात बसून काढून घेतो, सगळ्यांना बघू दे. त्या स्टुडिओवाल्याला काय कळत नाही, असंही म्हणाले. टोपी काढायला लावली म्हणून त्यांना राग होता. आम्ही दोघं हसलो. अबोल्याचे ते दिवस मी वाया घालवले, आक्का, त्याचं काय करू ते कळत नाही.

ऑपरेशन झालं. आप्पा शुद्धीवर आले, आईशी बोलले, म्हशीचं विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

भिंतीवर तो निळ्या पडद्याचा फोटो आहे. मी स्वतःच्या हातानं खिळा मारला. त्यातल्या सगळ्या चुका मला पाठ आहेत, कानामागची सावली, कपाळावरची चमक, टोपी. गावातलं कुणी एक अक्षर बोललं नाही, बोलायला जागाच नव्हती. आप्पांनी ती ठेवलीच नाही.

कार्याच्या दिवशी नागुबाई आल्या, ज्यांनी मला बघून पदर ओढून घेतला होता त्याच. फोटोपुढं बसल्या, आईचा हात धरून रडल्या आणि जाताना मला बाजूला बोलावून म्हणाल्या, “तुजा बा आन्नाप्पा तुज्या कॅमेऱ्याफुडं कदी बसला न्हाय, तरी गेलाच की. म्हंजे कॅमेऱ्यात काय न्हाय. माजा काड बाबा फोटो, डोळं मिटायच्या आत.” आता गावात सगळे तेच म्हणतात. कट्ट्यावरची माणसं मला बघून उठत नाहीत. दोघातिघांनी निरोप धाडलाय.

आईनं किल्ली दिली. कॅमेरा कपाटातच आहे. गाव माझ्या कॅमेऱ्याला पुन्हा हो म्हणालं, ते आप्पांचा फोटो मी काढला नाही म्हणून. ज्या कॅमेऱ्यात माझा बाप नाही तो घेऊन मी नागुबाईंपुढं कसा बसू? रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतं. कामावर जातो, येतो, सोप्यात फेऱ्या घालतो.

साईराज

•

निपाणी,
३ मे २०२४

प्रिय साईराज,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला आप्पांना एकदा भेटायचं होतं.

मग संध्याकाळी एकदम आठवलं आणि कपाट उपसायला घेतलं. तू पाठवलेले सगळे फोटो माझ्याकडं आहेत. सोबत पाठवते आहे तो भरमूआण्णांचा, निळ्या टॉवेलचा. माझं भिंगही पाकिटात आहे, वर्गात वापरते ते, जपून हाताळ.

सोप्यात नको, बाहेर अंगणात उन्हाकडं पाठ करून बस. फोटो गुडघ्यावर धर. भरमूआण्णांचा तुझ्या उजव्या हाताकडचा डोळा. भिंग आधी स्वतःच्या डोळ्याजवळ ने आणि मग फोटो हळूहळू वर आण.

मी पहिल्याच पत्रात तुला लिहिलं होतं, डोळ्यात माणूस नको. तू शहाण्यासारखं ऐकलंस आणि त्यांना खांबाच्या आड उभं केलंस. मालुबाईंचा डोळा पाहिला, गुंडूमामांचा पाहिला, नुसती चमक. या एकाच फोटोत, तू माझं ऐकण्याआधीच्या, ते आहेत. मी ती चूक म्हणून दाखवली होती. किती बरं झालं तू आधी केलीस.

ठिपके दिसतील. ठिपक्यांवर माणूस जगतो, मी चाळीस वर्षं जगते आहे.

तुझी आक्का

•

उचगाव,
२० मे २०२४

आदरणीय आक्का,

भिंग परत पाठवतो आहे. थोडे जास्त दिवस ठेवून घेतलं, रागावू नका.

तुम्ही सांगितलं तसं अंगणात बसलो. आधी काही दिसेना. मग कापड दिसलं, आणि कापडाच्या वर टोपी. तोंड नाही, नाक नाही. पण दोन्ही हात ताठ पसरून, जणू सगळं शेत एकट्यानं धरलंय असं उभं राहण्याची ढब. आईला हाक मारली. तिनं भिंग घेतलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, “टोपी डावीकडं कललीया. त्येच हायती.” मग पदरानं भिंग पुसून परत बघितलं.

मी संगणकावर तो डोळा मोठा करून बघितला. जितका मोठा करावा तितके आप्पा पांगत गेले. शेवटी भिंगाएवढाच ठेवला. निळ्या पडद्याच्या फोटोच्या कोपऱ्यात, काचेच्या आत, तो छोटा तुकडा खोचून ठेवलाय. आता त्या फोटोत टोपी आहे.

काल रविवारी नागुबाईंचा फोटो काढला. त्यांच्या घरी नाही, त्या आमच्याच सोप्यात बसणार म्हणाल्या. मी कॅमेरा लावला, दोरीवर काही नाही ना ते मागं बघितलं, उजेड बघितला. उजेड कमी होता आणि मला पुढं काही सुचेना. तेवढ्यात आई आतून आप्पांचं धोतर घेऊन आली. घडी मोडली, दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “मी कुटं उभारू?”

खांबाकडं बोट दाखवायला हात उचलला होता मी. मग म्हणालो, “हितंच उभार, आई. माज्या शेजारी.”

फोटो सोबत आहे, पुठ्ठा घालून. भिंग लावालच. उजेडाच्या, फोकसच्या, चौकटीच्या सगळ्या चुका सांगा, भीडभाड न ठेवता, आपला नियमच आहे. फक्त डोळ्यात कुणी उभं दिसलं तर ती चूक धरू नका.

तुमचा,
साईराज